जोनी मिचेलचा ‘ब्लू’ पुन्हा ऐकायचाय? मग असा ऐका

‘ब्लू’ 22 जून 1971 रोजी बाजारात आला. दहा गाणी, सगळी मिळून जेमतेम 36 मिनिटं. कॅनडात जन्मलेली जोनी मिचेल तेव्हा 27 वर्षांची होती आणि हा तिचा चौथा अल्बम. शब्द तिचे, चाली तिच्या, आवाज तिचा, निर्मातीही तीच. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या सर्वोत्तम 500 अल्बमच्या यादीत 2003 साली तो तिसावा होता, 2020 साली तिसरा आला. मधल्या काळात अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. मत देणारे बदलले होते, आणि एका बाईनं स्वतःबद्दल लिहिलेल्या गाण्यांकडे बघायची नजरही बदलली होती.

ज्यांनी कॉलेजच्या दिवसांत कुणाच्या तरी कॅसेटवरून हा अल्बम भरून घेतला, रात्र-रात्र ऐकला आणि मग नोकरी-संसारात विसरून गेले, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नुसतं नाव ऐकलंय, सुरुवात कुठून करावी कळत नाही, अशांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

सुरुवातीलाच एक सांगते. जुना अल्बम पुन्हा लावताना आपण बहुधा स्वतःलाच शोधायला जातो: ती खोली, ती माणसं, ते वय. दोन गाण्यांत ती हौस फिटते आणि अल्बम परत कपाटात जातो. ‘ब्लू’च्या बाबतीत असं करू नका. यात वाजवणारे हात कुणाचे आहेत आणि गाण्यांतून बोलणारी माणसं कोण आहेत, तिकडे कान लावा. तुमच्या आठवणीत आहे त्यापेक्षा या अल्बममध्ये कितीतरी जास्त आहे.

पहिली पायरी: नेमका कुठला ‘ब्लू’?

शोधलंत की तीन-चार गोष्टी एकदम समोर येतात. तुम्हाला हवा तो मूळ दहा गाण्यांचा अल्बम. ‘ऑल आय वॉन्ट’नं सुरू होणारा आणि ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’वर संपणारा. 2021 साली अल्बमला पन्नास वर्षं झाली, तेव्हा बर्नी ग्रंडमन यांनी तो नव्यानं मास्टर केला, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची अंतिम प्रत नव्यानं तयार केली. ही आवृत्ती स्वच्छ आहे, बिनधास्त घ्या. त्याच सुमारास ‘ब्लू 50’ नावाचा पाच गाण्यांचा छोटा संचही आला. त्यात कच्ची ध्वनिमुद्रणं आणि वगळलेली गाणी आहेत. त्याला आत्ताच हात लावू नका, त्याची पाळी पुढे येणार आहे.

जानेवारी 2022 मध्ये जोनीनं गायक नील यंगच्या पाठोपाठ आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घेतली होती. तेव्हा शोधून सापडली नसतील तर आता पुन्हा बघा, मार्च 2024 पासून ती परत आली आहेत. घरात जुनी सीडी असेल तर तीही उत्तम.

ॲपवर ऐकणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जा. शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सोय) बंद, कारण ‘रिव्हर’च्या शेवटच्या सुरांवर पुढचं गाणं येऊन आदळलं तर त्या शेवटाचा जीवच जातो. अल्बम संपल्यावर ॲप आपणहून दुसरं काहीतरी लावतं, तेही बंद. आणि बास वाढवून ठेवला असेल तर खाली आणा. या अल्बममध्ये बास गिटार जवळपास नाहीच, त्यामुळे वाढवलेला बास फक्त पियानोचे खालचे सूर घुमवतो आणि आवाज झाकून टाकतो.

दुसरी पायरी: एकदा सलग, शब्दांशिवाय

36 मिनिटं मोकळी काढा. गाडी चालवताना नको, स्वयंपाक करतानाही नको. शब्द समोर घेऊ नका, सगळे कळले नाहीत तरी चालेल. कॅसेटवर आणि तबकडीवर या अल्बमच्या दोन बाजू होत्या. पाच गाणी झाली की ‘ब्लू’ हे शीर्षकगीत संपतं आणि पहिली बाजू तिथे थांबते. तुम्हीही थांबा, पाणी प्या, मग ‘कॅलिफोर्निया’ लावा. नुसत्या पियानोवरच्या त्या अवघडलेल्या गाण्यानंतर ‘कॅलिफोर्निया’ची मोकळी लय लगेच कानावर आली तर दोन्ही गाण्यांचं नुकसान होतं. जोनीनं क्रम दोन बाजूंचा विचार करूनच लावला आहे.

भावगीतांवर वाढलेल्या कानांना इथे पहिल्यांदा थोडं चुकल्यासारखं वाटतं. आपल्याकडे आधी वाद्यमेळ, मग ध्रुवपद, कडवं, मधलं संगीत आणि परत ध्रुवपद, अशी बैठक ठरलेली असते. कवी एक, संगीतकार दुसरा, गायक कधीकधी तिसरा. इथे ध्रुवपद बऱ्याचदा कडव्याच्या शेवटी एका ओळीपुरतं येतं, काही गाण्यांत तेही येत नाही. लिहिणारी आणि गाणारी एकच असल्यामुळे ती चालीला शब्दांपुढे वाकवते: वाक्य लांबलं तर एका मात्रेत सात-आठ अक्षरं कोंबते, पुढच्याच शब्दावर चार मात्रा रेंगाळते. माणूस बोलताना श्वास घेईल तिथे ती श्वास घेते. पहिल्या बैठकीत एवढंच लक्षात आलं तरी पुष्कळ झालं.

तिसरी पायरी: वाद्यं धरून ऐका

ही पायरी गाळू नका. माझ्या मते या अल्बमची किल्ली इथे आहे. जुन्या श्रोत्यांना बहुतेक शब्द पाठ असतात, पण कुठल्या गाण्यात काय वाजतंय हे विचारलं तर सांगता येत नाही.

बहुतेक गाणी जानेवारी 1971 मध्ये हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. ध्वनिमुद्रक हेन्री लुई. त्याच इमारतीत, त्याच महिन्यात, पलीकडच्या स्टुडिओत गायिका कॅरोल किंग आपला ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम करत होती, आणि गायक-गिटारवादक जेम्स टेलर दोन्हीकडे वाजवत होता. जोनीच्या स्टुडिओत मात्र माणसं फार थोडी. आपण त्या काळात इतके हळवे झालो होतो की परकं माणूस समोर आलं तरी सहन होत नव्हतं, असं तिनं पुढे सांगितलं आहे. दहापैकी पाच गाण्यांत तिच्याखेरीज कुणीच नाही. ते रिकामपण ठरवून ठेवलेलं आहे, हे ध्यानात ठेवून ऐका.

दहा गाण्यांचे तीन गट करा आणि अल्बमचा क्रम मोडून गटानं ऐका. फक्त या पायरीपुरतं.

पहिला गट डल्सिमरचा: ‘ऑल आय वॉन्ट’, ‘केरी’, ‘कॅलिफोर्निया’, ‘अ केस ऑफ यू’. डल्सिमर म्हणजे अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातलं लोकवाद्य. लांबट, अरुंद, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं. तारा तीन-चारच. एका तारेवर चाल वाजते आणि बाकीच्या तारा तोच सूर धरून राहतात. तंबोऱ्यानं षड्ज-पंचम धरून ठेवावा त्या जातीचंच काम. म्हणूनच की काय, आपल्या कानाला हा गट सगळ्यांत लवकर आपलासा वाटतो. 1970 साली जोनी युरोपात भटकायला निघाली तेव्हा जड गिटारऐवजी हे वाद्य तिनं सोबत नेलं होतं, आणि या गटातली काही गाणी त्या भटकंतीतून वर आली आहेत. क्रीट बेटावरच्या मटाला गावात, समुद्रकाठच्या कड्यातल्या गुहांमध्ये तेव्हा देशोदेशीचे हिप्पी राहत. ‘केरी’ तिथलं गाणं आहे, त्यातला तांबड्या दाढीमिशांचा वात्रट माणूस तिथलाच.

‘ऑल आय वॉन्ट’ची सुरुवात हेडफोनवर ऐका. गाणं सुरू होण्याआधी डल्सिमर आणि जेम्स टेलरची गिटार एकाच खालच्या सुरावर काही वेळ थरथरत राहतात. पुढे जायचंय, पण पाय निघत नाही असं ते वाजणं आहे. मग आवाज येतो तो थेट रस्त्यावर, प्रवासात. जोनी इथे तारा नुसत्या छेडत नाही, त्यांच्यावर हात आपटून ताल काढते. ड्रम नसताना गाणं धावतं ते यामुळे.

‘केरी’त स्टीफन स्टिल्सचा बास आहे, रस कंकलचा ताल आहे, आणि मागे साथीला गाणाऱ्या सगळ्या बायका जोनी स्वतःच आहे. तिचाच आवाज थरांवर थर चढवून घेतलेला. अल्बममधलं हे सर्वांत भरलेलं गाणं, आणि लगेच पुढचं ‘ब्लू’ सर्वांत उघडं. ‘कॅलिफोर्निया’त स्नीकी पीट क्लाइनाव यांची पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून वाजवायची, घसरत्या सुरांची) ओझरती येऊन जाते, तीही शोधा.

दुसरा गट पियानोचा: ‘माय ओल्ड मॅन’, ‘ब्लू’, ‘रिव्हर’, ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’. चारही गाण्यांत फक्त पियानो आणि आवाज. यातल्या ‘रिव्हर’वर जरा रेंगाळा. सुरुवातीला पियानोवर जे वाजतं ते लहानपणापासून ओळखीचं आहे: ‘जिंगल बेल्स’. पण गती मंद केलेली आणि खालचे स्वर उदास. नाताळ जवळ आलाय, लोक झाडं तोडतायत, आणि ही बाई कॅलिफोर्नियात आहे, जिथे बर्फच पडत नाही. तिला हवी आहे गोठलेली नदी, जिच्यावरून स्केटिंग करत दूर निघून जाता येईल. जोनी सॅस्कटूनमध्ये वाढली, कॅनडाच्या सपाट गवताळ प्रदेशात. तिथे हिवाळ्यात नदी खरोखर गोठते. कॅनडाबाहेरच्या माणसाला ही उपमा वाटते, तिच्यासाठी ती घराजवळची जागा आहे. शेवटी ‘जिंगल बेल्स’ पुन्हा येतं, आधीपेक्षा काळवंडलेलं. हे शेवटचे सूर पूर्ण विरेपर्यंत ऐका.

तिसरा गट गिटारचा, दोनच गाणी: ‘लिटल ग्रीन’ आणि ‘धिस फ्लाइट टुनाइट’. जोनीला नऊ वर्षांची असताना पोलिओ झाला होता आणि डावा हात अशक्त राहिला. नेहमीच्या पद्धतीनं तारा दाबणं त्या हाताला जड जाई, म्हणून ती गिटारच्या तारा वेगवेगळ्या तऱ्हांनी लावून घेऊ लागली. त्यातून जे स्वरमेळ निघाले ते इतरांच्या हाताला सापडतच नाहीत. गिटार वाजवणाऱ्यांनी तिच्या अधिकृत संकेतस्थळावर जावं, तिथे गाण्या-गाण्याचं ट्यूनिंग दिलेलं आहे. ‘धिस फ्लाइट टुनाइट’मध्ये एक गंमत आहे: विमानात बसलेली गाणारी बाई कानावर हेडफोन चढवते, आणि त्यातलं गाणं आपल्यालाही तसंच बारीक, चिरकं, डबीतून आल्यासारखं काही क्षण ऐकू येतं. 1973 मध्ये स्कॉटलंडच्या नाझरेथ या बँडनं याच गाण्याचं दणदणीत रॉक रूप केलं. उत्सुकता असेल तर ऐका, नाहीतर काही अडत नाही.

चौथी पायरी: आता शब्द

शब्द तिच्या संकेतस्थळावर आहेत. कागदावर छापून घेतले तर जास्त बरं, मोबाइलच्या पडद्यावर ओळी सरकवण्यात लक्ष जातं. सगळी गाणी एका दिवशी वाचू नका. मी दोन गाणी सुचवते, दोन्ही वय वाढल्यावर वेगळी ऐकू येणारी.

‘लिटल ग्रीन’ आधी. वरवर ते अंगाईसारखं आहे. एक लहान मुलगी, तिचं नाव, ऋतूंची वर्णनं, दूर निघून गेलेला बाप, सही करायचे कागद. 1971 साली ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकालासुद्धा हे गाणं कोड्यात टाकणारं वाटलं होतं. संदर्भ कळायला मार्गच नव्हता. फेब्रुवारी 1965 मध्ये टोरांटोत जोनीला मुलगी झाली होती. लग्न नाही, पैसे नाहीत, घरी सांगायची सोय नाही. तिनं ते मूल दत्तक दिलं आणि पुढची कित्येक वर्षं ही गोष्ट जगाला माहीत नव्हती. 1990च्या दशकात ती उघड झाली आणि 1997 मध्ये मायलेकींची भेट झाली.

म्हणजे तुम्ही हा अल्बम 1997 आधी ऐकून ठेवून दिला असेल, तर हे गाणं तुम्ही खरं तर ऐकलेलंच नाही. आता ऐका. आवाज कुठेही फुटत नाही, कुठे हुंदका नाही. एकच गिटार, बोटांनी अगदी सम चालीनं वाजणारी. ती मुलीला नाव देते, तिच्यासाठी सुखाचं मागणं मागते, आणि आपल्याला वाईट वाटतंय पण लाज वाटत नाही असं सरळ म्हणते. दुःख आणि लाज यांत तिनं केलेला तो फरक मला या अल्बममधली सर्वांत धीट गोष्ट वाटते. 1960च्या दशकात अविवाहित आईकडून लाजेखेरीज दुसऱ्या कशाचीही अपेक्षा नव्हती, आणि तीच द्यायला ती नाकारते. ज्यांना मुलं आहेत त्यांनी हे गाणं एकट्यानं ऐकावं असं मी सुचवेन.

दुसरं, शेवटचं: ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’. पियानोची लांब प्रस्तावना, मग एकदम संवाद. 1968, डेट्रॉइट, एक बार. रिचर्ड तिला सांगतोय की सगळ्या स्वप्नाळू माणसांचा शेवट सारखाच होतो: कडवट, दारूच्या नशेत, कुठल्या तरी अंधाऱ्या कॅफेत. ती त्याला उलट सुनावते: तूच बघ, ज्यूकबॉक्सवर गोड-गोड प्रेमगीतं लावतोयस. मध्येच बारमधली बाई येते, बंद करायची वेळ झाली म्हणते, आणि जोनी त्या ओळीपुरता आवाज बदलून तीच बाई होते. शेवटच्या कडव्यात रिचर्डनं लग्न केलंय, बायकोला भांडी धुवायचं यंत्र आणि कॉफीचं यंत्र घेऊन दिलंय, आणि रात्री टीव्ही आणि घरातले सगळे दिवे चालू ठेवून एकटा पीत बसतो. आणि ती? ती आता खरोखरच अंधाऱ्या कॅफेत बसली आहे. हे दिवस सरतील, असं स्वतःला बजावत.

विशीत हे गाणं ऐकताना सगळे तिच्या बाजूला असतात. रिचर्ड म्हणजे हार मानलेला माणूस. पन्नाशीत ऐकाल तेव्हा रिचर्डच्या घरातल्या त्या दोन यंत्रांकडे लक्ष जाईल, कारण तशी यंत्रं आता तुमच्याही घरात आहेत. आणि मग कळतं की गाण्यानं निकाल दिलेलाच नाही. रिचर्डचं भाकीत तिच्या बाबतीत खरं ठरतंय की नाही, हे ती उघडं ठेवते. या गाण्याला ध्रुवपद नाही, परत येण्याची जागा नाही. पुन्हा ऐकताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारा की या खेपेला आपण कुणाच्या टेबलाशी बसलो आहोत.

पाचवी पायरी: चरित्राचं काय करायचं?

हे थोडक्यात. ‘माय ओल्ड मॅन’ गायक ग्रॅहम नॅशबरोबरच्या सहजीवनातून आलं, त्या काळात जेम्स टेलर तिच्या आयुष्यात होता, एवढं माहीत असणं पुरे. कुठली ओळ कोणावर, याच्या याद्या इंटरनेटवर ढिगानं आहेत. त्यात शिरलात की गाणं सुटतं आणि चौकशा हाती राहतात. ‘लिटल ग्रीन’ला माहितीची गरज होती, बाकीच्यांना ती फारशी नाही. अल्बम ताजा असताना गायक-गीतकार क्रिस क्रिस्टोफरसननं तो ऐकून जोनीला सांगितलं होतं म्हणे, की स्वतःसाठी काहीतरी राखून ठेव. मला वाटतं तिनं राखलं होतंच. जे दिलं ते चालीत घट्ट बांधून दिलं.

सहावी पायरी: तिचेच नंतरचे आवाज

मूळ अल्बम कानात मुरला की मगच हे करा. 2000 साली तिनं ‘बोथ साइड्स नाऊ’ नावाच्या अल्बमसाठी ‘अ केस ऑफ यू’ मोठ्या वाद्यवृंदासोबत पुन्हा गायलं. वय 56. सिगारेटनं आणि वर्षांनी आवाज कितीतरी खाली गेलेला. 1971च्या ध्वनिमुद्रणात ती कॅनडाचं राष्ट्रगीत आठवून त्याची ओळ गाते तेव्हा आवाज वर पक्ष्यासारखा झेपावतो. 2000च्या गाण्यात ती उडी नाही, ती शब्दांवर सावकाश टेकत जाते. दोन्ही पाठोपाठ ऐका. आधी जुनं, मग नवं. पहिल्यात ती प्रेमात उभी आहे, दुसऱ्यात ते आठवते आहे, आणि शब्द मात्र तेच.

मार्च 2015 मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुगून तिला झटका आला. बोलणं, चालणं पुन्हा शिकावं लागलं, आणि बोटं कुठे ठेवायची हे स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून तिनं शिकून घेतलं. जुलै 2022 मध्ये न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात ती अचानक मंचावर आली, खुर्चीत बसून, तरुण गायकांच्या घोळक्यात. ‘केरी’ आणि ‘अ केस ऑफ यू’ दोन्ही त्या दिवशी झाली. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे.

आता तो बाजूला ठेवलेला ‘ब्लू 50’ काढा. त्यातलं ‘रिव्हर’ फ्रेंच हॉर्न या पितळी फुंकवाद्याच्या साथीनं आहे. ऐकायला छान आहे, आणि तरीही जोनीनं हॉर्न का काढून टाकले हे लगेच कळतं: कुणीतरी सोबतीला आहे असं वाटायला लागतं, आणि गाणं तर सोबत नसण्याचं आहे. ‘अर्ज फॉर गोइंग’ आणि ‘हंटर’ ही दोन गाणीही इथे सापडतील. ती मूळ अल्बममध्ये जायची होती. ऐन वेळी त्यांना काढून ‘ऑल आय वॉन्ट’ आणि ‘रिचर्ड’ घेतली गेली. म्हणजे अल्बमचं आजचं पहिलं आणि आजचं शेवटचं गाणं, दोन्ही उशिरा आली. वगळलेली दोन घालून आणि ही दोन काढून अल्बम एकदा मनातल्या मनात लावून बघा.

यानंतर काय लावायचं

1972चा ‘फॉर द रोझेस’ हा याचा थेट पुढचा अल्बम, पियानोच्या गटात रमलेल्यांनी तिकडे जावं. ‘केरी’ ज्यांना आवडलं त्यांना 1974चा ‘कोर्ट अँड स्पार्क’ जवळचा वाटेल, त्यात पूर्ण वाद्यमेळ आहे आणि जॅझकडे वळलेली पावलं दिसतात. पण ‘ऑल आय वॉन्ट’मधल्या त्या थरथरणाऱ्या सुरुवातीनं तुम्हाला धरलं असेल, तर मधले सोडून सरळ 1976च्या ‘हेजिरा’वर या. तोही प्रवासातच लिहिलेला आहे, एकटीनं गाडी चालवत अमेरिका ओलांडताना, आणि त्यातल्या काही गाण्यांत जॅको पास्टोरियसचा बास आहे. तेवढ्यासाठी बासची ती सेटिंग पुन्हा पूर्ववत करा.